पट्ट्याची पाटी

(मलकपेठेतल्या एका कॉलनीचं पार्क, सकाळची वेळ. कुंपणाच्या आत प्रतापराव आणि त्यांची नात चारुलता. तिच्या हातातल्या पट्ट्याला पौना नावाचा कुत्रा. कुंपणाबाहेर, फुटपाथवर धम्मानंद.)

प्रतापराव : म्हणजे तुम्ही तिथूनच बोलणार? गजांमधून?

धम्मानंद : ऐकू येतंय की. मला येतंय, तुम्हाला येतंय. गज काय मधे बोलत नाहीत.

प्रतापराव : तसं नाही. पण आपला बाक आहे आत. म्हणजे, होता. आता त्यावर बँकेतल्या दोन बायका बसतात आणि श्वास सोडतात.

धम्मानंद : घेत पण असतील.

प्रतापराव : घेताना आवाज होत नाही, सोडताना होतो. मला शेजारी बसवत नाही.

चारुलता : काका, मी सांगते. हे रोज येतात, एक राउंड मारतात, गेटकडे बघतात आणि घरी. चप्पल काढता काढता म्हणतात, "आजपण नाही आले." नाश्त्याला पण तेच. मम्मी परेशान झालीय. आणि तुम्ही तर इथं समोर इराण्याकडे चहा पीत बसलेले! मला पौनानं दाखवलं. सीधा कुंपणाकडे ओढत सुटला.

धम्मानंद : काय रे पौना? अरे अरे, डोकं घालू नको, अडकशील. हात चाट, हां. बिस्किट खाल्लंय मी, त्याचा वास येतोय त्याला. चारू, याचं पोट सुटलं का गं?

चारुलता : सुटणारच ना! धावायला मिळतंय कुठं? आजोबांच्या कृपेनं.

प्रतापराव : बघा. घरात हे असं आहे.

चारुलता : असंच असणार. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो तो. रस्त्यावर सोडू? ऑटो आहेत, गल्लीतले कुत्रे आहेत, त्यांची आपली गँग आहे. आपल्या सगळ्या एरियात मोकळं गवत म्हणजे एवढंच. सकाळी एक तास सुटा असायचा, मग दिवसभर गपचूप झोपायचा. आता हा बेगम बाजारचा पट्टा बांधून माझ्याबरोबर चालतो, म्हाताऱ्यासारखा. सॉरी, आजोबा.

प्रतापराव : नाही, बरोबर आहे. म्हातारे तसेच चालतात.

धम्मानंद : प्रतापराव, तुम्ही काहीतरी विचारायला आलात. चेहऱ्यावर दिसतंय. विचारा की.

प्रतापराव : विचारू? रागावला आहात का माझ्यावर?

धम्मानंद : कशाबद्दल?

प्रतापराव : मी पुष्कळ विचार केला. तुम्हाला पौनाचं सुटं पळणं आवडायचं. तुम्ही त्याला करवंटी फेकायचात, तो आणून द्यायचा. मी मीटिंगमध्ये पट्ट्याच्या बाजूनं बोललो आणि तुमचा तो आनंद गेला. पण मग वाटलं, असं कसं असेल? तुम्ही म्हणालात म्हणूनच तर मी... म्हणजे, काही नाही.

चारुलता : कोण म्हणालं?

प्रतापराव : कुणी नाही. पौनाला उन्हातून बाजूला घे.

चारुलता : आजोबा. कोण म्हणालं?

धम्मानंद : मी म्हणालो, बेटा.

चारुलता : तुम्ही? काका, तुम्ही?

धम्मानंद : हाव.

चारुलता : ऐसा कैसा, काका! तुम्हीच म्हणायचे ना, हा पळतो तेव्हा याचे पाय जमिनीला लागत नाहीत!

धम्मानंद : नव्हतेच लागत. आता पण तेच म्हणेन.

चारुलता : मग?

धम्मानंद : मग आमच्या सखूच्या, तुझ्या काकूच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, रोज चालवा, सपाट जागेवर चालवा, नाहीतर गुडघा आखडेल. आता आमच्याकडं सपाट काय आहे? नाल्याकडची आमची गल्ली तू बघितली नाहीस. जरा फरशी, मग खड्डा, मग कुणाची तरी पायरी बाहेर आलेली. हे पार्कचं रिंगण, एवढंच सपाट. घेऊन आलो तिला. एका हातात काठी, एका हातात माझा दंड. अर्धं रिंगण झालं आणि मागून तुझा पौना आला.

चारुलता : तो खेळायला आला असेल हो! तो कुछ नै करता.

धम्मानंद : तेव्हा पण तू पार तिकडून, मला न बघता हेच ओरडलीस. "आंटी, डरो नक्को, वो कुछ नै करता."

चारुलता : त्या काठीवाल्या? त्या तुमच्या... अय्यो. मला माहीतच नव्हतं.

धम्मानंद : पडली नाही ती. घाबरून खाली बसली. नव्या गुडघ्यावर तसं बसायचं नसतं. उठवताना जे ओरडली, ते तू ऐकलं नाहीस, तुझ्या कानात वायरी होत्या.

चारुलता : सॉरी, काका. खरंच सॉरी.

धम्मानंद : सॉरी नक्को. तू काही वाईट केलं नाहीस. पण तो काही करत नाही हे तुला माहीत, मला माहीत, त्याला स्वतःला पण माहीत असेल. तिला कसं माहीत होणार? आणि "कुछ नै करता" हे नेहमी कुत्र्याचा मालकच म्हणतो. ज्याच्या अंगावर येतो त्याला म्हणताना ऐकलंय का कधी?

चारुलता : नाही. पण काका, मी भांडत नाही, खरंच विचारते. कुणाला तरी भीती वाटते म्हणून बाकी सगळ्यांनी बांधलेलं राहायचं? भीती कुणालाही कशाचीही असते. मला पालीची आहे.

प्रतापराव : पाल पट्टा लावून फिरत नाही. म्हणजे, पालीला मालक नसतो, असं म्हणायचं होतं मला.

धम्मानंद : विचारतेस ते बरोबर आहे. मला त्याचं पक्कं उत्तर येत नाही. याचं पळणं खरं आहे, तिचा गुडघा पण खरा आहे, आणि जागा एकच. मी एवढंच बघितलं, तू याला सुट्टीच्या दिवशी गाडीत घालून कुठंतरी नेऊ शकशील. मी तिला कुठं नेऊ? म्हणून प्रतापरावांना म्हणालो, कमिटीत बोला.

चारुलता : तुम्ही स्वतः का नाही बोललात?

धम्मानंद : कमिटी कॉलनीची आहे, बेटा. फ्लॅटवाल्यांची. आम्ही मागच्या वस्तीतले.

चारुलता : पण पार्क तर सरकारचं आहे ना?

धम्मानंद : पार्क सरकारचं. कमिटी कॉलनीची. आता तू विचारलंस म्हणून सांगितलं.

प्रतापराव : आणि मी बोललो. जन्मात पहिल्यांदा मीटिंगमध्ये उभा राहिलो. नारायणगुड्याच्या कॉलेजात सगळी नोकरी लायब्ररीत गेली, तिथं बोलायचंच नसतं. उभा राहिलो आणि तयार केलेलं वाक्यच गेलं. नुसतं "पट्टा" म्हणालो. थोड्या वेळानं पुन्हा "पट्टा." लोकांना वाटलं, काय ठाम माणूस आहे! ठराव झाला. पाटीचा मजकूर पण मीच द्यायचा ठरलं, कारण "फूल तोडना मना है" माझंच आहे. घरी हिनं अबोला धरला. पौनासुद्धा माझ्याकडे पाठ करून बसायला लागला. आणि ज्या दिवशी पाटी लागली, त्या दिवसापासून ना तुम्ही, ना वहिनी. ज्यांच्यासाठी केलं तेच नाहीत! मग मनात आलं की, काम झालं की माणसं... नाही. हे बोलायला नको होतं.

धम्मानंद : बोला की.

प्रतापराव : नको. मी फार लवकर मनाला लावून घेतो. चूक माझीच असेल.

धम्मानंद : पाटी लागल्यावर वाचली का तुम्ही?

प्रतापराव : आपलं लिहिलेलं मला पुन्हा वाचवत नाही. चुका दिसतात.

धम्मानंद : चारू, तू?

चारुलता : मी रागात होते. तिकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं.

धम्मानंद : बघायचं म्हटलं तरी आतून दिसत नाही. गेटच्या खांबाला बाहेरून लावलीय. ती बाहेरच्यांसाठी आहे. दोघं जरा बाहेर या. ये, पौना.

चारुलता : चला, आजोबा. पायरी बघा. हां. ही का? वर हिंदी आहे. "बगैर पट्टा अंदर आना मना है."

प्रतापराव : हे माझं. "बगैर पट्टे के" पाहिजे होतं का? तसंच पाहिजे होतं. चुकलंच.

धम्मानंद : व्याकरण राहू द्या. चारू, खालचं तेलुगू वाच. मोठ्यानं.

चारुलता : "पट्टा लेनिदे लोपलिकि राकूडदु." पट्टा लेनिदे... एक मिनिट. अय्यो. आजोबा!

प्रतापराव : का? बरोबर तर आहे. पट्टा नसेल तर आत येऊ नये. एवढी तेलुगू मला पण येते. पेंटरनं चांगलं उतरवलंय.

चारुलता : आजोबा, तेलुगूत कुत्र्याच्या पट्ट्याला पट्टा नाही म्हणत. पट्टा म्हणजे जागेचा पट्टा. घराच्या जागेचा कागद असतो ना, सरकार देतं तो. माझ्या ऑफिसात कुणी प्लॉट घेतला की सगळे पहिलं हेच विचारतात, पट्टा आहे का.

प्रतापराव : जागेचा?

चारुलता : इथं लिहिलंय, ज्याच्याकडं जागेचा कागद नाही त्यानं आत यायचं नाही.

धम्मानंद : आणि तेलुगूतच कशाला? आमच्या वस्तीत कुणालाही पट्टा म्हणा. उर्दूत म्हणा, मराठीत म्हणा. कुत्रा कुणाला आठवत नाही.

प्रतापराव : पण... पण कुत्रा कुठं आहे यात?

चारुलता : नाहीच आहे. तुम्ही लिहिलाच नाही.

प्रतापराव : तूच म्हणालीस ना! अबोला होता तरी तेवढं म्हणालीस. "कुत्ता नका लिहू, शिवी वाटते, पेट लिहा." मी म्हटलं, हिंदीत पेट लिहिलं तर लोक पोट वाचतील. पोटाला पट्टा बांधून या, असं होईल.

चारुलता : मग पालतू लिहायचं!

प्रतापराव : ते तुला मिंधं वाटलं. मग मला वाटलं, पट्टा म्हटल्यावर कुत्रा आलाच. वेगळं कशाला लिहायचं, कुणाचं मन कशाला दुखवायचं. आणि बाजूला चित्र काढणार होता पेंटर. कुत्र्याचं.

चारुलता : चित्र नाहीये. नुसता पांढरा चौकोन आहे.

धम्मानंद : रंग वाळल्यावर काढतो म्हणून गेला, आलाच नाही. आता त्या चौकोनात ज्याला जो दिसायचा तो दिसतो.

प्रतापराव : मला जरा टेकू दे. या कट्ट्यावर.

चारुलता : बसा, आजोबा. पौना, सीट. सीट!

प्रतापराव : वहिनींनी वाचलं हे?

धम्मानंद : तिला कुठं वाचता येतं. तिला ऐकवलं. पाटी लागली त्या सकाळी मी दुधाला थांबलो, ती पुढं झाली. काठी टेकत, एकटी. खुशीत होती, आता कुत्रे बांधलेले असणार म्हणून. गेटवर यादगिरी वॉचमन. तो म्हणाला, "अम्मा, पट्टा उंदा?" पट्टा आहे का.

प्रतापराव : यादगिरी? तो तर वहिनींना ओळखतो!

धम्मानंद : ओळखतो म्हणूनच विचारलं. त्याला वाटलं, कमिटीचा हुकूम आहे. नोकरी आहे बिचाऱ्याची. आता सखूनं काय सांगावं?

चारुलता : काय सांगितलं?

धम्मानंद : म्हणाली, "अर्जी दिये सो है."

चारुलता : काका...

धम्मानंद : हसू आलं तर हस. मला पण आलं होतं, नंतर. तर तो म्हणाला, "वच्चिनाक रा, अम्मा." पट्टा आल्यावर ये. आणि ही वळली. मी दूध घेऊन आलो तर ही परत निघालेली. म्हणाली, पट्टा मिळाला की या म्हणतेत. राग नाही, काही नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणतात, तसं.

प्रतापराव : तुम्ही सांगायचं ना त्यांना! तुम्हाला तर माहीत होतं, पाटी कशाची आहे.

धम्मानंद : मला?

प्रतापराव : तुम्हीच तर करायला सांगितलं होतं हे सगळं.

धम्मानंद : तेच तर. ऐका आता. दुधाची पिशवी घेऊन मी इथं उभा राहिलो आणि पाटी वाचली. पहिलं काय दिसलं मला? शब्द तुमचे आहेत. बाकीचे कमिटीवाले "सख्त मना है" लिहितात. नुसतं "मना है" तुम्हीच लिहिता. मला वाटलं, प्रतापरावांनी लिहिलंय हे. आमच्याबद्दल. आमच्याकडं पट्टा नाही हे त्यांना माहीत आहे, मीच तर सांगितलंय बाकावर बसून.

प्रतापराव : धम्मानंद!

धम्मानंद : इराण्याकडे गेलो, चहा घेतला. चहा संपेपर्यंत मला ते खरं वाटत होतं. मग ही चारू आली पौनाला घेऊन, पट्टा बांधून. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कपाळावर हात मारला मी. पण तोवर तेवढा चहा पिऊन झाला होता. इतकी वर्षं एका बाकावर बसलो, आणि मी तुमच्याबद्दल ते खरं धरलं. मग कुठल्या तोंडानं समोर येऊ? म्हणून तिथंच बसतो रोज.

प्रतापराव : तुम्हाला लाज वाटली? तुम्हाला? अहो, पाटी मी लिहिली.

धम्मानंद : तुम्ही शब्द चुकलात. मी माणूस चुकलो.

चारुलता : पण काका, नंतर तरी काकूंना सांगायचं ना.

धम्मानंद : सांगितलं. त्याच दिवशी सांगितलं. वस्तीत सगळ्यांना सांगितलं, अरे कुत्र्यांचं आहे ते. हसले. पण आलं कुणी नाही.

चारुलता : का?

धम्मानंद : म्हणाले, असेल कुत्र्यांचं. मग आतल्या कुणी येऊन का नाही सांगितलं, की तुमच्यासाठी नाही? आमचे बरेच जण यायचे सकाळचे. सगळे यायचे बंद झाले. आत कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं का?

प्रतापराव : मला वाटलं. मी रोज गेटकडे बघत होतो. चारूला विचारा.

धम्मानंद : माझ्यासाठी बघत होतात. मल्लम्मा येत नाही, हे बघितलं?

प्रतापराव : मल्लम्मा कोण?

धम्मानंद : आपल्या बाकामागं गवतावर नातीला घेऊन बसायची ती. तिचं तान्हं रडलं की तुम्ही पेपर खाली करायचात.

प्रतापराव : हो. हो, ती. तिचं नाव मला कधी...

धम्मानंद : तुम्हाला बोलत नाही मी. तुम्ही पेपर तरी खाली करायचात. मला दुसरंच लागलंय. माझ्या वडिलांच्या गावात विहिरीवर पाटी नव्हती. कुणी कशाला लावेल? न लिहिता सगळ्यांना माहीत असायचं. आता इतक्या वर्षांनी इथं लिहिलेलं दिसलं, आणि वस्तीत कुणाला त्याचं आश्चर्यच वाटलं नाही. म्हातारे सोडा, कॉलेजात जाणारी पोरं, त्यांना पण नाही. पाटी वाचली आणि आपापल्या कामाला गेली. चुकीची पाटी पण आम्हाला बरोबर वाटली, प्रतापराव.

चारुलता : आजोबा, तुम्ही कुठं चाललात? बसा ना.

प्रतापराव : माळ्यानं पाणी सोडलंय ना तिथं, कण्हेरीला?

चारुलता : हो. का?

प्रतापराव : चिखल असेल. माझा चष्मा धर.

चारुलता : हातानं? आजोबा, हातानं? शर्ट, शर्ट!

धम्मानंद : प्रतापराव, यादगिरी बघतोय तिकडून.

प्रतापराव : बघू दे. त्याला सांगा मी कमिटीचा आहे. नको, काही सांगू नका.

चारुलता : आजोबा, ते नाही! तुम्ही खालच्या "इट्लु, कमिटी" या सहीवर चिखल फासताय. ओळ वरची आहे!

प्रतापराव : मग चष्मा दे!

धम्मानंद : राहू द्या, कमिटी पुसली गेली तरी चालेल. त्याच्यावरची. हां. तिच्यावर जरा जास्त द्या. हिंदी पण राहिलं.

प्रतापराव : ते सोडतोय का मी? ते तर माझंच आहे. झालं? दिसतंय का काही?

चारुलता : काही नाही दिसत. तुमच्या नाकावर पण आहे.

धम्मानंद : आता कमिटी विचारेल, पाटी कुणी खराब केली.

प्रतापराव : सांगेन. उभा राहीन आणि सांगेन. वाक्य विसरलो तर हात दाखवीन.

चारुलता : पण आजोबा, पाटी तर पाहिजे. काकूंना कुत्र्यांची भीती आहे ना. नवीन काय लिहायचं? "गोलुसु" लिहू या, म्हणजे चेन.

धम्मानंद : गोलुसु म्हटलं तर बायका विचारतील, गळ्यात चेन घालून यायचं की काढून यायचं?

चारुलता : मग "ताडु". दोरी.

धम्मानंद : मंगळसूत्राला पण ताडु म्हणतात इकडं. कुणी विधवा बाई गेटवरून परत जाईल.

प्रतापराव : बघा! म्हणून मला लिहायला सांगू नये कुणी. प्रत्येक शब्दात कुणीतरी आधीच बसलेलं असतं.

चारुलता : कुत्रा लिहा, आजोबा. साफ. हिंदीत कुत्ता, तेलुगूत कुक्का. मला काही शिवी-बिवी वाटणार नाही. आणि चित्र मी काढते. पौनाला समोर बसवून.

धम्मानंद : म्हणजे तुझा राग गेला?

चारुलता : गेला नाही. पट्टा बांधीन मी, काकूंसाठी. पण त्याला पळायला पण पाहिजे, काका. मागं ते भिंतीचं, बंद पडलेलं टेनिसचं कोर्ट आहे ना, जाळी फाटलेलं? तिथं सकाळी थोडा वेळ सोडला, दार लावून, तर?

धम्मानंद : तिथं आमची पोरं क्रिकेट खेळतात.

चारुलता : रोज?

धम्मानंद : तू त्यांना विचार. मी हो म्हणून कसं चालेल? माझी कुठं बॅट आहे?

प्रतापराव : रविवारी मीटिंग आहे. तुम्ही या, धम्मानंद. वहिनींना आणा. क्रिकेटवाल्या पोरांतलं कुणी आणा. मल्लम्मांना पण.

धम्मानंद : कमिटीनं बोलावलंय?

प्रतापराव : मी बोलावतोय. मी बोलावलं तर चालतं का, मला माहीत नाही. असा नियम असेलही. पण बोलावतोय.

चारुलता : काका, त्या बघा काकू! काठीवाल्या. गल्लीच्या तोंडाशी उभ्या आहेत.

धम्मानंद : ये गं, सखू! ये, ये. पौना बांधलेला आहे.

सखू : चहाला जातो म्हनून गेलात, दुपार करता का काय? ह्ये काय! भाऊजी, हात कशात घातला?

प्रतापराव : वहिनी, ती पाटी. ती मी लिहिली होती. कुत्र्यांसाठी होती, पण कुत्रा लिहायचा राहिला. माझ्यामुळं तुमचं चालणं बंद झालं. गुडघा दुखतो का फार?

सखू : दुखतोय. आखडलाय बी. तुमच्या हातानं न्हाई आखडला, कापल्यावर आखडतोच. यांनी सांगितलं मला कुत्र्याचं हाय म्हनून. मग आता काय लिवलंय तितं?

चारुलता : आता काही नाही, काकू. चिखल आहे.

सखू : आन् यादगिरीनं परत इचारलं तर? पट्टा उंदा म्हनला, तर काय सांगू?

चारुलता : मग हा घ्या, काकू! हा पट्टा घ्या हातात. सांगा, उंदि. हा काय, बघ. पौना काही नाही... म्हणजे, तुम्हाला भीती वाटत असेल तर मी शेजारी राहते.

सखू : नक्को, बाई. त्यो तुज्याच हातात बरा. कुत्र्याचा पट्टा कुत्र्याला ऱ्हाऊ दे. मी बिनपट्ट्याचीच जाते.

धम्मानंद : चल मग. ऊन चढायच्या आत एक रिंगण होईल.

प्रतापराव : वहिनी, मी पुढं होऊ? यादगिरीनं काही विचारलं तर... की मागं राहू? कुत्रा मागून आला तर...

सखू : बाजूनं चाला की, भाऊजी. वाट रुंद हाय.